ऊसतोड आणि बोटीची तारीख

थोरल्या नातीचं, शाल्मलीचं लग्न झालं ते २०२३ साल. त्या दिवाळीआधी मी संकेश्वरहून बेळगावला बसनं निघालो होतो. पुढच्या बाकावर जयाबाई आणि त्यांचे मालक शामराव बसले होते. नावं मला मागाहून कळली. जयाबाईंनी सुरुवात केली.

“अवो, लक्षद्वीपच्या बोटीवर खालच्या मजल्याची, मधोमधची खोली घ्यायची. आपली सून माधवी म्हणत्या, तितं कमी हलतंय.”

“बोट ऱ्हाऊ दे, तूच मला हलवाय लागलीस. त्याच आठवड्यात ऊसतोडीची टोळी आली तर?”

“येऊ दे. आपलं पोरगं सौरव हाय की घरात.”

“त्येला आपला उसाचा फड तरी म्हाईत हाय व्हय?”

“लगीन झाल्यापास्नं हेच ऐकत्ये. औषधं हातातल्या पिशवीत घ्यायची, मोठ्या बॅगा खोलीत उशिरा येत्यात. आन् मुंबईत आदल्या दिवशी पोचायचं. बोट कुणासाठी थांबत न्हाय.”

“टोळी बी थांबत न्हाय.”

“टोळी परत येत्या.”

“भाकरी-चटणी बांधून घ्यायची?”

“बाहेरचं खाणं चालत न्हाय. तितं दिवसभर जेवाण मांडलेलं असतंय.”

“दिवसभर? मग चारच दिवस कशाला?”

“म्हंजी येणार न्हवं?”

“कर फोन सुनंला. मधोमधची खोली म्हणून सांग.”

पुढच्या उन्हाळ्यात जयाबाई संकेश्वरच्या बाजारात भेटल्या. दोघं नोव्हेंबरात बोटीवर जाऊन आली. तेवढ्यात टोळी येऊन गेली आणि ऊस फेब्रुवारीपर्यंत उभाच राहिला. शामराव जानेवारी २०२४ मध्ये वारले.