हिरव्या कडीचा तुतवार

नाही हो, चिमणी कसली, धोबी आहे तो — शेपटी बघा कशी खालीवर चाललीय — अहो थांबा, दुर्बीण उलटी धरलीत तुम्ही! असू दे, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं तसं. तुम्ही निदान आलात तरी, बाकीचे दहा जण नुसते फोनवर 'येतो येतो' म्हणणारे. पावसाळा सरता सरता हे पाहुणे उतरतात इथे, कुठून कुठून, दमूनभागून. आधी धोबी, मग तुतवार — चिखलात चोच खुपसत पळणारा, मूठभर जीव. आणि डोक्यावर हे चतुर बघा, हेसुद्धा लांबचे प्रवासी बरं का, किडा म्हणून हसू नका. पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी कुठलं आलंय तळं! बुजवणार. तो मातीचा ढीग त्यासाठीच आणून टाकलाय.

नोंदी? आहेत ना, बत्तीस वर्षांच्या, रोजच्या, आमच्या ह्यांच्या आणि माझ्या. त्याच तर कचेरीत दिल्या होत्या, तळं वाचावं म्हणून. काल नाकारल्या. सगळ्या. का म्हणजे? माझ्यामुळे, दुसरं कोण! ह्यांना गेल्या हिवाळ्यात अर्धांगवायू झाला, पलंगावरून हलता येत नाही. ह्यांनी स्वतःच्या हातानं एका तुतवाराच्या पायात ओळखीसाठी नंबराची हिरवी कडी घातली होती — सहा वर्षं न चुकता यायचा तो. यंदा पहिला धोबी उतरल्यापासून रोज विचारायचे, 'आला का?' मी नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे, जेवायचे नाहीत हो. शेवटी म्हटलं, आला. तर म्हणतात, वही दाखव! वहीवर विश्वास, बायकोवर नाही. मग काय, लिहिलं, तारीखवार. आणि तीच वही गेली गठ्ठ्यात. तपासणारी बाई हुशार. म्हणाली, 'आजी, हा पक्षी वसंतातच मेलाय, दुसऱ्या देशात, कडीसकट सापडला.' एक नोंद खोटी, मग बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? बरोबरच आहे तिचं.

ह्यांना? छे, काही बोलले नाहीये. काय सांगू — तुमचा पक्षी गेला, तळं गेलं, आणि तेही मी घालवलं? आज निघताना म्हणाले, नवीन कुणी आलं तर घरी आण, त्याला विचारतो. तेवढं — पलीकडेच आहे घर, पाच मिनिटं — नुसतं म्हणायचं, हो, दिसला, पायात हिरवी कडी होती... नाही? नाही, नाही, तुम्ही कशाला. माझंच डोकं फिरलंय. द्या ती दुर्बीण इकडे, ह्यांची आहे ती. वाट डावीकडून आहे. बघताय काय असे? जा म्हणते ना.