न दुखणारी दाढ

सून : आई, तोंड मिटा आणि खुर्चीवरून उतरा.

सासू : दातांच्या दवाखान्यात पेशंटला तोंड मिटायला सांगणारी डॉक्टर आज पहिल्यांदाच पाहिली.

सून : दवाखाना बंद आहे. दारावर पाटी लावलीय.

सासू : चष्मा घरी राहिला, म्हणून वाचता नाही आली. अगं, दाढ ठणकतेय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सून : तुमचं घोरणं आमच्या खोलीपर्यंत येत होतं.

सासू : कण्हणं होतं ते.

सून : ताई, यांना आत का सोडलंत? आणि खुर्चीचा दिवा कसा लागलाय? प्लग मी काल स्वतः काढला होता.

मदतनीस : मी परत लावला, मॅडम.

सून : का?

मदतनीस : आजींचा सकाळी फोन आला होता. म्हणाल्या, आज दुपारी माझी दाढ दुखणार आहे.

सासू : ताई! तुम्हाला कुणी विचारलं?

मदतनीस : मॅडमनी विचारलं.

सून : वा! आधी वेळ ठरवून दुखते दाढ. आई, तासाभरात ते नवे डॉक्टर यायचेत. सह्या झाल्या की किल्ल्या त्यांच्या. खुर्ची, मशीन, कपाटं, सगळं. मला अजून हे ड्रॉवर रिकामे करायचेत.

सासू : कर की. मुलगा चांगला आहे तो. हात मात्र गार असणार त्याचे, चेहऱ्यावरूनच कळतं. माझ्या तोंडात गार हात चालायचे नाहीत.

सून : हातमोजे घालतात ते.

सासू : मोज्यातून गारठा येतोच. तू बघ. एकदा बघ आणि मग खुशाल दे किल्ल्या.

सून : ही माझी बोटं बघा आधी. केमोचं विष उतरलं सगळीकडून, यांच्यातून नाही उतरलं. ब्लाउजचा हूक लावायला आरसा लागतो. परवा कप हातातून सुटला, ते मला फुटल्याचा आवाज आल्यावर कळलं. या हातांनी लोकांच्या तोंडात टोकदार अवजारं घालू?

सासू : लोकांच्या नकोच घालूस. माझ्या घाल. घरचं तोंड आहे, तक्रार कुठे करणार?

सून : तुम्ही? आणि तक्रार करणार नाही?

सासू : आणि त्या कपाचं काय घेऊन बसलीस! तुझ्या नणंदेने दिलेला होता. मीच संधी शोधत होते.

सून : आई, मी थट्टा करत नाहीये.

सासू : मीही नाही. रक्ताचे रिपोर्ट चांगले आले, जिना न थांबता चढतेस, मोठे डॉक्टर म्हणाले कामाला लागा. तू काय केलंस? खुर्ची विकायला काढलीस. बोटांना विचारलंस तरी का?

सून : विचारते रोज. उत्तर येत नाही.

सासू : घरी बसून विचारलंस. त्यांच्या कामाच्या जागी विचार. आजारात मी 'आ कर' म्हटलं की तू मुकाट्याने आ करायचीस. आता माझी पाळी. आ—

सून : बरं. ताई, आरसा आणि तो टोकदार प्रोब द्या. यांना खोटं ठरवते आणि घरी पाठवते.

मदतनीस : ट्रेमध्ये आहे. निर्जंतुक करून ठेवलंय.

सून : कधी?

मदतनीस : रोजच ठेवते.

सून : ...मोजे द्या. कोणती दाढ, आई?

सासू : ही. डावी, खालची. आई गं! मेले!

सून : मी अजून हातही लावलेला नाही.

सासू : आरसा बघूनच कळ आली.

सून : मघाशी तुम्ही उजवा गाल धरला होता.

सासू : फिरती कळ आहे.

सून : आणि सकाळी कडक टोस्ट कुडुमकुडुम खाल्लेत ते?

सासू : दुःख चावून गिळावं, असं आमच्या वेळी शिकवायचे.

सून : उघडा. मोठं. जीभ खाली. खाली, आई. तिला खाली राहायची सवय नाही, ठाऊक आहे मला.

सासू : आं ऊं आं आं!

मदतनीस : 'घरी चल, मग दाखवते.'

सून : उघड्या तोंडाची भाषा तुमच्याइतकी कुणाला येत नसेल, ताई. बरं, तोंड उघडंच आहे तर ऐकून घ्या, आई. असा योग पुन्हा यायचा नाही. मी झोपले की नाकापुढे बोट धरून श्वास बघणं बंद करा. मी जागी असते.

सासू : ऊं ऊं आं!

मदतनीस : 'डास हाकलत होते.'

सून : अंघोळीला गेले की दाराबाहेर उभं राहून गुणगुणू नका. मी घसरून पडले तर तुम्हाला हाक मारीन. आणि केस नवे आलेत ते कुरळेच आलेत. तेल चोपडून सरळ होणार नाहीत.

सासू : आं आं ऊं एं आं.

मदतनीस : 'लग्नात असे असते तर फोटो तरी बरे आले असते.'

सून : एवढं सगळं बोलल्या?

मदतनीस : थोडं मी ओळखलं.

सून : ही तुमची दुखरी दाढ. ठोकून बघते. दुखतं?

सासू : आंऽऽ!

मदतनीस : हे खोटं आहे.

सून : ठणठणीत दाढ आहे. शेजारची बघते आणि संपवते. ही छान. ही... थांबा.

सासू : आं?

सून : हलू नका. ताई, दिवा जरा खाली घ्या. इथे काही दिसतंय तुम्हाला?

मदतनीस : जुनं फिलिंग आहे. स्वच्छ दिसतंय.

सून : मलाही काही दिसत नाहीये. पण प्रोब अडकतोय. मागच्या कडेला. या दाढेवर सरळ सरकतो. इथे आलं की अडकतो. पुन्हा... अडकला.

सासू : ऊं आं?

मदतनीस : विचारतायत, 'काय झालं?'

सून : आई, गप्प.

(पुढच्या दाढेवरून मागच्या दाढेवर धातू सरकल्याचा बारीक आवाज, परत परत.)

सून : कळतंय मला. म्हणजे, कळतंय असं वाटतंय. माझ्या वाटण्यावर जाऊ नका. ताई, एक्स-रे काढू.

सासू : एक्स-रे कशाला? अगं, मला काहीही झालेलं नाही. सगळं नाटक होतं!

सून : ते माहीत आहे.

सासू : ताईंना विचार. दुखतच नाहीये मला!

मदतनीस : हे खरं आहे.

सून : ही फिल्म चावून धरा. हं. झालं. ताई, आधी तुम्ही बघा. मी काही बोलत नाही. काय दिसतं?

मदतनीस : फिलिंगखाली फट आहे. केसाएवढी. आत कीड लागलीय थोडी.

सून : कुठे?

मदतनीस : मागच्या कडेला.

सून : परत सांगा.

मदतनीस : मागच्या कडेला, मॅडम. तुम्ही म्हणालात तिथेच.

सासू : म्हणजे खरंच किडलीय? चांगलं धडधाकट तोंड घेऊन आले होते मी! हे फिलिंग केलं तरी कुणी? कोण तो अडाणी?

सून : मी.

सासू : तरीच.

सून : दर दोन मिनिटांनी तोंड मिटून तुम्ही मला कसं भरायचं ते शिकवत होतात.

सासू : मग आता निस्तर. स्वतःचं काम अर्धवट टाकून जातेस होय? तो गार हातांचा मुलगा निस्तरणार का तुझं?

सून : आज नाही. हात दमला इतक्यात. अंगठा अजून मुका आहे, फक्त ही दोन बोटं बोलली. उद्या सकाळी, ताज्या हाताने भरते. आणि दिवसाला एकच पेशंट, त्याहून जास्त नाही. एवढ्यात नाही.

सासू : उद्या दुखेल का गं?

सून : तुमचं काय, हात लावायच्या आधीच दुखतं.

मदतनीस : मॅडम, बेल वाजली. नवे डॉक्टर असतील.

सून : हो... किल्ल्या या ड्रॉवरमध्ये ठेवल्या होत्या मी. ताई, तुम्ही उचलल्या?

मदतनीस : मी नाही.

सून : आई, पर्स उघडा.

सासू : हात नको लावूस पर्सला. दुखतेय.

सून : राहू देत तिथेच. ताई, डॉक्टरांना बसायला सांगा, पाणी द्या. त्यांची माफी मागायला मी स्वतः येते बाहेर. म्हणावं, जरा थांबावं लागेल, आत पेशंट आहे.