कासव बुडून राहिलं

कासव पाण्यात बुडतं हे मला पंचाहत्तरी ओलांडल्यावर कळलं. तुम्हाला ठाऊक होतं का?

नातीनं अमरावतीहून रुपयाएवढं पिल्लू आणलं. काचेच्या टाकीत बोटभर पाणी घालून ती शिकवणीला गेली. पण महादेवापुढचं कासव घरी आलेलं, त्याला पाणी कमी कसं पडू द्यायचं? माझ्या बायकोनं त्याच्या पाठीला हळदकुंकू लावलं आणि टाकी काठोकाठ भरली. मग मला हाक मारली.

"पाहा तरी, कसं नाचून राहिलं."

पिल्लू मान ताणून काचेवर पाय मारत होतं. मीही कौतुकानं पाहत उभा राहिलो. तेवढ्यात नात परतली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आजी, बुडून राहिलं ना ते!"

तिनं हात घालून पिल्लू बाहेर काढलं. ते हातावर निपचित पडलं होतं. थोड्या वेळानं त्यानं एक पाय हलवला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

नातीनं पाणी उपसलं. "आजी, याले बसाले कोरडी जागा पाहिजे. एखादा गोटा आण लवकर."

ही धावत गेली आणि देवघरातली महादेवाची पिंडच आणून टाकीत ठेवली. पिल्लू तिच्यावर चढून बसलं.

मी जागीच थिजलो. "अवं, देव हाय तो. त्याच्या डोक्यावर बसवलं?"

"गंगा चालते त्याले डोक्यावर," ही म्हणाली, "मंग हा एवढासा जीव काहून चालत नाही?"

त्या दिवशीची पूजा मी टाकीपुढे बसून केली.