चारशे बारा बांगड्या

माझा जन्म मिरजगावचा, तालुका कर्जत. घरची सहा एकर कोरडवाहू जमीन, आणि आम्ही दोघंच भावंडं, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी धाकटी गोदा. मी मराठी सातवी फायनल पास झालो आणि नगरला कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या हाताखाली बसलो. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, माणूस सांगेल तेच लिहायचं आणि लिहिलेलं त्याला वाचून दाखवायचं. दुसरी, मजकुराची शेवटची ओळ आणि माणसाची निशाणी एकाच पानावर पाहिजे. म्हणायचे, रामभाऊ, मजकूर एका पानावर आणि निशाणी दुसऱ्या पानावर असा कागद म्हणजे दावं सोडलेलं जनावर, कुणीही हाकत न्यावं. ही दुसरी गोष्ट मी आयुष्यात एकदाच मोडली. तेवढंच सांगायचं आहे, बाकी माझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काय आहे?

पुढं मी वकीलबाईंकडे कारकून लागलो. त्यांचं नाव लिहू नका, त्या अजून नगरातच वकिली करतात आणि चांगली करतात. मी नऊ वर्षं त्यांच्याकडे होतो. बाई पहिल्यांदा कोर्टात उभ्या राहिल्या तेव्हा बाररूममधले वकील म्हणायचे, अहो, आज कोर्टात हळदीकुंकू आहे का? बाई शांतपणे म्हणायच्या, आहे, पण वाण तुम्हाला जड जाईल. आणि दावा जिंकून यायच्या. नवऱ्यानं टाकलेल्या, मारलेल्या, घराबाहेर काढलेल्या बाया त्यांच्याकडे यायच्या, आणि बाई त्यांना आधी पाणी द्यायच्या, मग नाव विचारायच्या. काय सांगू तुम्हाला, मी त्यांना फार मानत होतो. आताही मानतो, हेच तर अवघड आहे.

माझी गोदा तशीच टाकलेली. लग्नाला आठ वर्षं झाली, मूल नाही, म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला एका ट्रंकेसह माझ्या दारात आणून सोडलं. त्यांची जमीन बागायती, पण हिचं नाव कशावर नाही. माझ्या बायकोनं तिला कधी उणं बोलून दाखवलं नाही, पण गोदा म्हणायची, दादा, पोटाला मिळतंय रे, पन भाकरी तुजी हाय, माजी न्हाई.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. एका बायकोवर दुसरी करायची नाही असा कायदा व्हावा म्हणून मुंबईत विचार चालला होता आणि बाईंना तिथल्या समितीपुढे साक्षीला बोलावलं होतं. बाई म्हणाल्या, रामभाऊ, नुसतं माझं बोलणं नको, जिल्ह्यातल्या बायकांचा अर्ज नेऊ. अर्जात दोन कलमं होती. पहिलं, यापुढे दुसरी बायको करायची नाही. दुसरं, जिच्यावर आधीच सवत आणली आहे तिला नवऱ्याच्या जमिनीत वाटा, उताऱ्यावर तिच्या नावानं. दुसरं कलम बाईंनी गोदाला समोर बसवून माझ्याकडून लिहून घेतलं. गोदानं विचारलं, हे खरंच मिळंल का? बाई म्हणाल्या, मागितल्याशिवाय कसं मिळेल?

मग मी गावं फिरलो. सायकलवर, मोटारीनं, पुणतांब्याला रेल्वेनं. सवत आलेल्या बाया शोधत, एकूण तेवीस गावं. बाया अंगठा द्यायला तयार नव्हत्या. अंगठा लावला की रान जातं हे त्यांनी घरोघर पाहिलेलं. म्हणायच्या, मास्तर, अंगठा न्हाई देनार, बांगडी काढते. आपल्याकडे ती जुनी रीत आहे, कागदावर शेतकऱ्यानं निशाणी म्हणून नांगराचं चित्र काढायचं, बाईनं बांगडीचं. टाक धरायची सवय नाही, कुणाची बांगडी वाटोळी, कुणाची चेपलेली, कुणाची तोंडं जुळायचीच नाहीत. मी आत नाव लिहायचो. शनीच्या शिंगणापुरात एक जण म्हणाली, आमच्या घराला दार न्हाई, म्हनून सवत इचारल्याबिगर आत आली. सगळ्या हसल्या, आणि हसता हसता सगळ्यांनी बांगड्या काढल्या.

पहिली बांगडी गोदाची. म्हणाली, नवरा गेला तिच्याकडं, त्याच्या नावाच्या बांगड्या तेवढ्या ऱ्हायल्या माज्याकडं. ह्यातली एक कागदाला देते.

एका तावावर बारा बांगड्या, असे चौतीस ताव आणि पस्तिसाव्यावर चार. चारशे बारा. प्रत्येक ताव मजकूर लिहून सुरू करायला हवा होता. पण लढाईपायी तेव्हा कागद मिळत नव्हता, आणि दुसरं म्हणजे मी मनाशी म्हटलं, बाईंचं दप्तर आहे, इथं कोण पान बदलणार? म्हणून दोन्ही कलमांचा मजकूर फक्त वर जोडलेल्या पहिल्या पानावर लिहिला, खालच्या पस्तीस तावांवर नुसत्या बांगड्या, आणि सगळं पांढऱ्या दोऱ्यानं शिवलं.

कायदा झाला. नगरात बाईंचा सत्कार झाला, हार घातले, मीही पेढे वाटले. गोदानं विचारलं, दादा, माज्या वाट्याचं काय झालं? मी म्हटलं, बाईंना विचारतो, निघेल मागाहून.

साक्षीला जोडलेले कागद पुढे काही महिन्यांनी परत आले. दप्तराला लावावेत म्हणून मी सोडले. दोरा हिरवा होता. पहिलं पान माझ्या हातचं नव्हतं, आणि त्यावर कलम एकच. खाली बांगड्या मात्र त्याच. गोदाची पहिली, माझ्या शाईतली. मी दोनदा मोजल्या, चारशे बारा भरल्या. एक कमी असती तर बरं वाटलं असतं.

मी ते बाईंपुढे ठेवलं. बाईंनी लपवलं नाही. म्हणाल्या, रामभाऊ, तिथले सभासद जमीनदार होते. जमिनीचं नाव काढलं असतं तर पहिलंही गेलं असतं. पुढच्या मुली तरी वाचल्या. मी म्हटलं, मला का नाही विचारलं? त्या म्हणाल्या, तुम्ही नाही म्हणाला असता. मी म्हटलं, मग बांगड्यांचे ताव काढून टाकायचे, एकटीच्या सहीनं मागायचं. त्यावर बाई हळूच म्हणाल्या, एकटीचं कोण ऐकतं? पण तुम्हाला सांगतो, त्या चारशे बारांमधल्या एकीलाही त्या कायद्याचा उपयोग नव्हता हो. सगळ्यांची सवत आधीच घरात आलेली होती.

त्या महिन्याअखेर मी काम सोडलं. झालं ते गावोगाव जाऊन सांगायचं असं ठरवलं. तेवीसपैकी अकरा गावांत सांगितलं. अकरावं पुणतांबं. तिथली एक म्हातारी म्हणाली, मास्तर, वाचताना तर तुमी दोन वाचली हुती. ती रागावली नाही, नुसतं म्हणाली. बाराव्या गावाला माझे पाय वळले नाहीत. बारा गावं राहिली ती राहिलीच.

गोदाला सांगितलं तेव्हा ती जोंधळा निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, मी बांगडी बाईला न्हवती दिली, दादा. तुला दिली हुती.

आता मी परत कचेरीबाहेर बसतो. दोन ओळींचा अर्ज असला तरी निशाणीच्या वर मजकूर लिहितो, चार पानं असली तर चारही पानांवर लिहितो. लोक म्हणतात, रामभाऊ कागद नासतो. नासू दे.

माझ्या मुलीचं, शकूचं, लग्न औंदा जमलं आहे. परवा गोदा तिला म्हणाली, पोरी, तुज्या उरावर सवत न्हाई यायची, सरकारचा कागद हाय, सुखानं नांद. मनापासून म्हणाली. मी तिथून उठून ओसरीवर आलो. माझ्या मुलीला मिळालं, आणि ते माझ्या बहिणीच्या बांगडीवर मिळालं.

गेल्या आठवड्यात रेशनच्या कार्डाला गोदाची निशाणी हवी होती. अर्ज मीच लिहिला, वाचून दाखवला. गोदानं तो घेतला, शकूला हाक मारली आणि म्हणाली, शके, वाच गं एकदा, सगळं वाच, पाठीमागचं बी. शकूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वाच बाळ. तिनं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं, मी समोर बसून ऐकलं. मग गोदानं टाक मागितला आणि बांगडी काढली. बरोबरच आहे तिचं.