लाल सोमवार

(मुलुंडमधल्या एका हॉस्पिटलचा महिला वॉर्ड. दाराजवळच्या बाकावर संधिवाताची डॉक्टर अनुपमा आणि औषधाच्या पाकिटाची डिझायनर श्रुतिका.)

श्रुतिका : म्हणजे माझ्या लाल रंगामुळे माणिककाकू जाणार होत्या, असंच म्हणायचंय ना तुला? सरळ बोल.

अनुपमा : हळू. वॉर्ड आहे हा. अगं, गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, एवढी एकच गोष्ट त्या पाकिटानं सांगायची होती. वारांचे सात चौकोन, त्यातला गोळीचा सोमवार लाल. आणि काकूंनी सोमवार सोडून रोज घेतली! तोंडभर फोड आले, पाणी गिळता येईना. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कुठल्या कुठे गेल्या.

श्रुतिका : लाल म्हणजे महत्त्वाचं, असं मी म्हटलं तेव्हा तू मान डोलावलीस.

अनुपमा : रंग तुझा विषय आहे. मी औषध बघते.

श्रुतिका : हेच! प्रोजेक्ट सुरू झाल्यापासून हेच ऐकतेय. तुझं तू, माझं मी. आणि एकत्र संशोधन म्हणे. सोमवार कुणी ठरवला?

अनुपमा : सोमवारी ओपीडी असते. लक्षात राहायला सोपा.

श्रुतिका : तुमच्या लक्षात! काकूंचा सोमवारी उपास असतो. आणि गोळी जेवणानंतर घ्या, हे तुम्हीच सांगितलेलं. मी किती वेळा म्हटलं, चार पेशंटच्या घरी जाऊ, पाकीट हातात देऊ, काय कळतंय ते विचारू.

अनुपमा : त्याला हॉस्पिटलच्या नैतिकता समितीची परवानगी लागते, यार! तेवढं कोण थांबणार होतं? आणि तू काय केलंस? अंधेरीच्या तुझ्या कॉलेजातल्या पोरांना दाखवलंस. त्यांना काय संधिवात आहे?

श्रुतिका : पेशंट दिलेच नाहीत तुम्ही, मग कुणाला दाखवू? जाऊ दे. बाकीच्यांचं काय? हेच पाकीट कितीतरी घरांत गेलंय.

अनुपमा : देवव्रत सरांना विचारलं. म्हणाले, समितीची बैठक होऊ दे, तोवर कुणाला फोन करायचा नाही. पेशंट घाबरतील, अभ्यास बंद पडेल.

श्रुतिका : आणि तू गप्प बसलीस?

अनुपमा : प्रोजेक्टचे प्रमुख ते आहेत! काय करू, भांडू? दोन दिवस डोकं फुटायची वेळ आलीय माझी. चल आत, काकू हाक मारतायत.

माणिककाकू : गो बाय, कित्याक भांडतास? हयसर सगळा आयकाक येता.

अनुपमा : काही नाही काकू. तुमच्या पेशी वर यायला लागल्यात. धोका टळला.

माणिककाकू : चूक माझीच. तू सांगितलंस, पण त्या गर्दीत माका धड आयकाक इला नाय. लाल म्हणजे थांबायचा, असा वाटला. सिग्नलाक असता तसा. आणि सोमवारी माझो उपास. म्हटला, बघ, डॉक्टरांनी उपासाचो पण विचार केल्यानी. किती काळजी घेतत!

श्रुतिका : नका हो असं बोलू. चूक तुमची नाही, आमची आहे.

माणिककाकू : ऱ्हवांदे गो. पण ती रुक्मिणी? भांडुपाची. माझ्या बाजूक बसली होती ओपीडीत. तिका पण तसलाच पाकीट दिलास. ती पण सोमवार करता. तिका सांगितलास मां?

श्रुतिका : अनुपमा...

अनुपमा : ऐकलं मी.

श्रुतिका : सर चिडतील.

अनुपमा : चिडू देत. पेशंटची यादी काढ, रुक्मिणीताईंचा नंबर सांग. स्पीकरवर टाकते... हॅलो, रुक्मिणीताई? मी डॉक्टर अनुपमा, मुलुंडच्या हॉस्पिटलातून. ती आठवड्याची गोळी तुम्ही कशी घेताय?

रुक्मिणी : रागावू नका हां, बाई. घेतलीच नाही.

अनुपमा : एकही नाही?

रुक्मिणी : ते चौकोन काही कळेनात. सुनेला विचारलं, ती म्हणाली डॉक्टरांनाच विचारा. आता तुमच्याकडे एवढी गर्दी, कशाला त्रास द्यायचा? कपाटात ठेवलंय पाकीट.

अनुपमा : आणि बोटं? दुखतात?

रुक्मिणी : ती दुखतातच. कणीक मळता येत नाही, सून मळते. चालतंय.

अनुपमा : चालत नाही, ताई. गोळी आता घेऊ नका. उद्या पाकीट घेऊन या. ओपीडी नसली तरी या, मी बसून समजावते.

रुक्मिणी : रागावला नाहीत ना?

अनुपमा : नाही हो. या उद्या.

श्रुतिका : वाचल्या बाई.

अनुपमा : वाचल्या कसल्या? औषधाशिवाय बसल्यात घरी. बोटं वाकडी होतील.

श्रुतिका : सरांना आत्ताच सांगायचं का?

अनुपमा : सगळ्यांना फोन लावून झाले की सांगू. पुढचं नाव वाच.