दादांचा शेवटचा प्रश्न

चहा निवण्यापूर्वी एवढे ऐकून घ्या. आमचे थोरले बंधू, दादा, अमरावतीच्या महाविद्यालयात इतिहास शिकवीत आणि खाऱ्या पाण्यामुळे ओस पडत चाललेल्या गावांवर प्रबंध लिहीत. साठ सालच्या सुमारास मी त्यांच्यासोबत अकोल्याला गेले होते. गाव सोडून तेथे हमाली करणाऱ्या प्रत्येकाला दादा अखेरीस एकच प्रश्न विचारीत, "परत जावंसं वाटतं का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या हमालांच्या गावी गेलो. आमची धाकटी बहीण सुमन तेथेच दिलेली होती. भरपूर शेती पाहून दादांनीच ते स्थळ ठरवले होते.

दादांनी तिच्या सासऱ्यांना विचारले, "लोक गाव सोडून का गेले?"

"पान्यापायी गेले. गोडं पानी आनाले कोसभर जा लागते."

"मग तुमच्याकडे कोण आणतं?"

"तुमची बहीण आनते नं. दुसरं कोन आनन?"

तेवढ्यात सुमन डोक्यावर दोन घागरी घेऊन आली. दोनदा तिचा गर्भ गेला होता. त्याचे कारण आम्हांला तेव्हा समजले. तिने दिलेले पाणी दादा प्यायले.

स्वयंपाकघरात मी तिला अकोल्याची सगळी हकिगत सांगितली. निघताना ती बैलगाडीपाशी आली.

"दादा, हमालांना विचारलंत ते मलाही विचारा नं."

दादा गाडीवानाला म्हणाले, "चला लवकर, रेल्वे चुकेल."

रेल्वे संध्याकाळची होती. तेव्हा नुकतेच ऊन चढू लागले होते.