दोन घरं सोडून

निरोप समारंभाच्या अध्यक्ष, आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई. व्यासपीठावर बसलेले पाणीखात्याचे साहेब. आजचे सत्कारमूर्ती डॉक्टर आणि वहिनी. आणि समोर जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मागच्या रांगांतल्या मंडळींनी पुढे सरकावं, अशी विनंती करणार होतो. पण मागच्या रांगांत कुणी नाहीच. असो.

बांध समितीचा चिटणीस म्हणून चार शब्द बोलायला उभा आहे. डॉक्टर इथे राहायला आले तेव्हा निम्मं गाव खोकला घेऊन त्यांच्या दारात गेलं. आपण औषधांचे डॉक्टर नाही, हे सांगून सांगून त्यांचाच घसा बसला. मग तुम्ही करता तरी काय? तर म्हणे, कॉम्प्युटरवर तुमच्या गावाची नक्कल करतो. खाडी, बांध, जमीन, माणसं, सगळं आकड्यांत मांडायचं आणि कुठे काय बिघडलं की पुढे काय कोसळतं, ते आधीच बघायचं. याला ते मॉडेल म्हणत. आम्ही हसलो. एक गाव सांभाळताना नाकी नऊ येतात, त्यात हे दुसरं कशाला?

मग याच सभागृहात त्यांनी समजावलं. आपलं गाव खाडीच्या पाण्यापेक्षा सखल. बांध आहे म्हणून आपण आहोत, आणि घराघराने पाळीने माती टाकली म्हणून बांध आहे. एक घर गाव सोडून उठलं की पाळी चुकते, खारं पाणी झिरपतं, जमीन खारवते, की दुसरं घर उठतं. यात एक वेळ अशी येते, की तिथून पुढे उरलेल्यांनी कितीही राबलं तरी बांध धरत नाही. किती घरं उरली की ती वेळ येते, तो आकडा मी उच्चारत नाही. इथल्या पोरांनाही तो पाठ आहे.

तेव्हा पलीकडच्या गल्लीतले आजोबा उठून म्हणाले, "म्हणजे बुडत्याचा पाय खोलात, एवढंच ना? त्याला मशीन कशाला?"

डॉक्टर म्हणाले, "किती खोल गेला की पाय वर येत नाही, ते शोधतोय, आजोबा."

आजोबा आता मुलाकडे असतात. दूर.

डॉक्टर का निघाले, हे सर्वांना ठाऊक आहे. वहिनींना श्वासाचा त्रास, केव्हाही ऑक्सिजन लावावा लागतो. आणि पेशंट उरले नाहीत म्हणून गावातला दवाखाना बंद झाला. दवाखाना गेला की म्हाताऱ्यांची घरं जातात, हे वाक्य डॉक्टरांचंच. ते आपल्याच घरावर येईल, असं त्यांना वाटलं नसावं. त्यांना नावं ठेवणाऱ्याने आधी वहिनींच्या उशाशी थोडा वेळ बसावं. मला वाईट वाटतं आहे, आणि रागही येतो आहे. कुणाचा, ते कळत नाही.

काल बांधावर फावडं धुता धुता ते म्हणाले, "चिटणीस, माझ्या मॉडेलात एक चूक राहिली. कुठलंही घर उठू शकतं असं मी धरलं होतं. दोन सोडून."

"कुठली दोन?"

"एक माझं."

"आणि दुसरं?"

"तुझं."

मंडळी, माझी बायको तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिने रिकामी खोकी आणून माळ्यावर ठेवली आहेत. 'आपण कधी?' म्हणून विचारते. मी 'बघू' म्हणतो. तिचं काही चुकत नाही. आमच्या विहिरीचं पाणी आता चहालाही चालत नाही.

निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. इथून जे जे उठले, ते 'येतो' म्हणूनच गेले. डॉक्टर हिशेबाचे पक्के. काल म्हणाले, "चल, जातो."

अध्यक्षबाई, साहेब, आपण वेळात वेळ काढून आलात, ऋणी आहे. डॉक्टर, वहिनी, जिथे जाल तिथे सुखी राहा. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल, तर घरचाच माणूस बोलला असं समजून पोटात घाला. या आठवड्यातली डॉक्टरांची राहिलेली पाळी मी करीन. त्यानंतर माझं घर आहेच, असं मात्र कुणी धरून चालू नका.